दिवाळीच्या खोक्यांची ऑर्डर देण्याआधी : पुण्यातल्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातल्या कारखान्यांचे व कंपन्यांचे व्यवस्थापक, एचआर विभाग, कॅन्टीन समित्यांचे सदस्य आणि कामगार संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या मिठाईचे दर मागवायचे दिवस जवळ आले की बऱ्याच ठिकाणी कॅन्टीनच्या ठेक्याचाही विषय निघतो. या दोन्ही कागदांवर सह्या होण्याआधी माझं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचावं, म्हणून हे पत्र.

मी आहारतज्ज्ञ आहे. चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव, हिंजवडी या भागांतल्या कंपन्यांमध्ये वार्षिक आरोग्य तपासणी झाली की कामगारांशी बोलायचं काम माझ्याकडे येतं. रिपोर्टमध्ये साखर वाढलेली दिसली की त्या माणसाला माझ्यासमोर बसवतात. मी त्याला गोड कमी करायला सांगावं, अशी अपेक्षा असते. मी सांगते, तो मान हलवतो आणि परत लाइनवर जातो. तिथला चहा कसा असेल, मधली सुट्टी किती वाजता होईल, सणाला हातात काय पडेल, हे सगळं तुमच्या कार्यालयात ठरलेलं असतं. त्याला जे सांगायचं ते मी सांगून झालं आहे. आता तुमच्याशी बोलायचं आहे.

मोठ्या माणसाचं गोड खाणं म्हणजे जिभेचे चोचले, असं आपण सहज धरून चालतो. समोर बसलेल्या माणसांचं ऐकताना मला मात्र त्यात जिभेचा वाटा थोडाच दिसतो. खिशात किती पैसे आहेत, पाळी कोणती आहे, खोलीवर गॅस आहे का, आणि साहेबांनी पेढा पुढे केला तर नाही म्हणायची सोय आहे का, यावर बरंचसं ठरतं.

चहापासून सुरुवात करते. बहुतेक कॅन्टीनमध्ये चहा पातेल्यातच गोड होऊन येतो. मशीन असेल तर प्रीमिक्सच्या पाकिटात साखर आधीच मिसळलेली असते. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरा. पाळीत तीन कप आणि घरी किंवा टपरीवर दोन, एवढ्यात ५० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली ती रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी आणि शक्य असेल तर ५ टक्क्यांच्याही खाली. २००० कॅलरीच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम. बिस्किट, पेढा, जिलबी यांपैकी काहीही न खाता निव्वळ चहावर तो माणूस मर्यादेला टेकला. त्याला विचारलं तर तो म्हणतो, "मॅडम, मी गोड खातच नाही." तो खोटं बोलत नसतो. चहाला तो गोड समजतच नाही.

ठेकेदार चहा इतका गोड का करतो, याचं कारण दरात आहे. कपामागे ठरलेल्या पैशांत त्याला दूध, चहापत्ती, गॅस आणि माणसाचा पगार बसवायचा असतो. यात सगळ्यांत महाग दूध आणि सगळ्यांत स्वस्त साखर. दूध कमी पडलं की साखर चहाला अंग देते. कॅन्टीन चालवणारे हे मोकळेपणाने सांगतात, आणि त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही, कारण दर पाडून मागणारे आपणच आहोत. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. याच कंपन्यांच्या ऑफिसच्या मजल्यावर ग्रीन टी असतो, बिनसाखरेच्या कॉफीचं बटण असतं, पाहुण्यांसाठी बदाम असतात. खाली शॉप फ्लोअरवर एकच नळ आणि एकच गोड चहा. निवड हवी असेल तर आधी हुद्दा हवा, अशी ही व्यवस्था झाली आहे.

"आम्ही बिनसाखरेचा चहा ठेवून पाहिला, कोणी घेत नाही," असं मला बरेचदा ऐकवतात. एका ठिकाणी तो थर्मास मी पाहिला. त्यावर कागद चिकटवला होता, "शुगर पेशंटसाठी". चाळीस जणांच्या रांगेतून बाहेर पडून त्या थर्मासपाशी जायचं म्हणजे आपला आजार सगळ्यांना दाखवायचा. कायम कामगार कदाचित जाईल. अकरा महिन्यांच्या करारावर असलेला जाणार नाही. पुढच्या वेळी करार होईल की नाही, सुपरवायझर "याला झेपत नाही" असं म्हणेल का, ही भीती त्याच्या मानेवर असते. साखर वाढल्याचं ठेकेदाराला कळू देऊ नका, अशी विनंती मला कामगार करतात. काहींनी गोळ्या डब्यातल्या पोळीखाली लपवून आणलेल्या मी पाहिल्या आहेत. अशा माणसाने सगळ्यांसमोर पेढा नाकारावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता पैशाचं. साखर किलोला ४५ रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे १० रुपयांची साखर २२० ग्रॅम, आणि तिच्यात जवळजवळ ९०० कॅलरी. त्याच १० रुपयांत पुण्यात दोन केळी येतात, साधारण २०० कॅलरी. उकडलेलं अंडं घ्यायला गेलं तर एकच, तेही मिळालं तर, आणि त्यात ७५ च्या आसपास. केळ्यात आणि अंड्यात जे आहे ते साखरेत नाही, हे मी जाणते, माझा व्यवसायच तो आहे. पण भूक लागलेल्या आणि खिशात १० रुपये असलेल्या माणसाचं शरीर आधी ऊर्जेचा हिशेब करतं. गोड चहा आणि पाच रुपयांचा ग्लुकोज बिस्किटाचा पुडा ही त्याची निवड अडाणीपणाची नाही. त्या बिस्किटाच्या वजनात साधारण चौथा हिस्सा साखर असते, पण पोटाला तासाभराचा आधार एवढ्या पैशांत दुसरं काही देत नाही. पगाराच्या आधीच्या आठवड्यात तर चहा-बिस्किट हेच कित्येकांचं जेवण असतं.

बाजार आणि सरकार दोघांचाही कल त्याच दिशेला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, चॉकलेट आणि आइस्क्रीम यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. साखर घातलेल्या शीतपेयांवर मात्र ४० टक्के कर लागला, आणि ते बरंच झालं. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत शहरी घरांच्या एकूण खर्चातले १०.६४ टक्के पेयं आणि तयार खाद्यपदार्थांवर गेलेले दिसतात. खाण्यापिण्याच्या सगळ्या गटांत तो सगळ्यांत मोठा. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात एकेक किलो रवा, चणाडाळ आणि साखर अन् एक लिटर पामतेल होतं. गरिबाच्या घरी लाडू-करंजी व्हावी ही इच्छा चांगलीच होती. दिवाळी सगळ्यांची आहे. पण बाकीच्या अकरा महिन्यांत त्याच घराला डाळ, दूध आणि फळं कोणत्या भावाने मिळतात, तेही पाहायला हवं.

मी साखरेच्या विरोधात नाही. साखर आयुक्तालय पुण्यातच आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला आहे. उसाच्या पैशावर या जिल्ह्यात आणि आसपास शाळा, दवाखाने, कॉलेजं उभी राहिली, हे विसरून कसं चालेल? माझ्यासमोर बसणाऱ्या पोरांपैकी काहींचे आईवडील बीडहून ऊसतोडीला जातात. साखरेशी आपलं नातं गुंतागुंतीचं आहे आणि ते एका पत्रात सुटणार नाही. ती कोणाच्या पोटात, कशाच्या बदली जाते, एवढंच इथे बोलते.

रात्रपाळीकडे तर फारच कमी लक्ष जातं. चाकणला कॉट बेसिसवर राहणारा एक तरुण होता, लातूरकडचा. चौघांची खोली, गॅस नाही, मेसचा डबा संध्याकाळी सातला यायचा. रात्रपाळीला निघण्याआधी तो जेवायचा आणि त्यानंतर सकाळपर्यंत कॅन्टीनमध्ये चहा आणि क्रीमरोल सोडून काही नसायचं. रात्री तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागले की दोन चहा आणि दोन क्रीमरोल. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारी संप्रेरकं वर जातात, पोट भरल्याची खूण देणारी खाली येतात, आणि शरीर झटपट ऊर्जा मागतं. खराडी-हिंजवडीत रात्री कॉल घेणाऱ्या मुलामुलींचंही तेच आहे, फक्त क्रीमरोलच्या जागी ब्राउनी असते. त्या लातूरच्या मुलाला मी कडधान्यं खा म्हणाले. तो म्हणाला, "खाईन की. कुठं मिळतील रात्री तीनला?" याचं उत्तर द्यायला हवं ते तुम्ही. त्याने नव्हे.

तो अंगाने बारीक होता. आणि बारीक माणसालाही असणारा मधुमेहाचा धोका पुण्याला तरी नवा वाटू नये. इथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला आणि बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी किती जास्त असते ते जगाला दाखवून दिलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून तपासणीत वजन आणि उंची पाहून कोणाला 'फिट' म्हणून सोडून देऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे सगळं साखर खाल्ल्यानेच झालं असं कोणी म्हणू नये. आनुवंशिकता आहे, झोप आहे, बैठं काम आहे, भाताचे ढीग आहेत. पण त्या उंबरठ्यावरच्या माणसाला पाळीत तीन वेळा गोड चहा देणं आपण थांबवू शकतो.

सामाजिक बाजू सांगायला जरा अवघड आहे, कारण तिच्यात प्रेम आहे. पोराचा दहावीचा निकाल, नवी गाडी, बारसं, बढती, खंडेनवमीची मशीनची पूजा, कोणाचा निरोप समारंभ, १५ ऑगस्टची जिलबी. पेढा पुढे आला की तो घ्यायचा असतो. "तुकडा तरी घ्या" या वाक्याला आपल्याकडे उत्तर नाही. देणाऱ्याच्या आनंदाला हात लावल्यासारखं होतं. हे रिवाज ठरले तेव्हा साखर रेशनच्या रांगेत उभं राहून मिळायची. घरात श्रीखंड पाडव्याला व्हायचं, पुरणपोळी होळीला, लाडू दिवाळीला. दोन सणांच्या मध्ये बाजरीची भाकरी आणि मजबूत चालणं असायचं. आता शंभर माणसांच्या विभागात आठवड्यातून एकदा कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतोच, आणि केक येतोच. रिवाज टंचाईच्या काळातला आणि पुरवठा आजचा. एकट्या माणसाला यातून अंग काढून घेता येत नाही. विभागाने मिळून ठरवलं तर येतं. महिन्यातले सगळे वाढदिवस एका दिवशी करणारे विभाग मी पाहिले आहेत. तिथे कोणी रुसलं नाही.

आणि दिवाळीचं खोकं. अधिकाऱ्यांना सुक्या मेव्याचा डबा, कायम कामगारांना किलोभर मिठाई, कंत्राटी कामगारांना अर्धा किलो सोनपापडी, साफसफाईच्या बायकांना उरलं तर. सगळीकडे असं नसेल, पण जिथे आहे तिथे कोणाला ते खटकतही नाही. सुका मेवा वर आणि पाकातलं गोड खाली, अशी ही उतरंड आहे. ज्यांच्या घरी आधीच साखर जास्त आणि प्रथिनं कमी, त्यांच्याच हातात आपण साखर देतो. कित्येक बायका ते खोकं जसंच्या तसं घरी नेतात, स्वतः तुकडा खात नाहीत. पोरांनी चार दिवसांत नाही संपवलं तर मात्र शिळं होऊ नये म्हणून शेवटचं त्याच संपवतात.

मिठाईवाल्यांच्या पोटावर पाय यावा असं मला मुळीच वाटत नाही. हलवायांनी या शहराला खूप दिलं आहे, दगडूशेठ गणपतीचं नावच एका हलवायाचं आहे. चांगल्या दुकानातली पावशेर बर्फी द्या, सोबत बाकरवडी, चिवडा द्या, आणि उरलेल्या पैशांचं किराणा दुकानाचं कूपन द्या, म्हणजे घरात डाळ-तेल येईल. मिठाई उत्तम असावी, थोडी असावी, हौसेने खावी. शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांना एकच खोकं द्या. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२५ मध्ये कार्यालयांना तेल आणि साखरेचे माहितीफलक लावायला सांगितलं. जरूर लावा. पण समोशात तेल किती आणि गुलाबजामात साखर किती हे वाचून माणूस वळला, तर त्याला पुढच्या काउंटरवर त्याच पैशांत दुसरं काही दिसलं पाहिजे. नुसत्या फलकाने दोष पुन्हा त्याच्याच पदरात पडतो.

स्वस्त आणि चांगलं देता येत नाही, असं पुण्यात तरी कोणी म्हणू नये. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्र सुरू केलं. ओझी वाहणाऱ्या माणसाला चहा-वडापाववर दिवस काढावा लागू नये, परवडेल अशा दरात ताजी भाजी-भाकरी मिळावी, एवढाच तो विचार होता. ज्यांच्याकडे ना कंपनी होती ना एचआर विभाग, त्या हमालांनी ते उभं केलं. तुमच्याकडे तर जागा, गॅसची लाइन आणि ठेकेदार सगळं आहे.

कायदाही आता तुमच्या दारात आला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात कॅन्टीनची तरतूद २५० पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यांसाठी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत ती मर्यादा १०० वर आली, आणि त्या शंभरात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. भोसरी-चाकणच्या कित्येक मध्यम कारखान्यांना कॅन्टीनची जमवाजमव पहिल्यांदाच करावी लागेल. नवी सवय नव्या कॅन्टीनमध्ये लावणं सोपं असतं. कॅन्टीन समितीवर रात्रपाळीचा एक आणि कंत्राटी कामगारांपैकी एक माणूस घ्या. त्यांना बोलू द्या, आणि ते बोलले म्हणून त्यांचा करार तुटणार नाही याची जबाबदारी घ्या.

कामगार संघटनांनाही माझं हेच सांगणं आहे. वेतन करारात चहाचे कप किती यावर तुम्ही भांडता, ते कप हक्काने मिळवलेत. आता त्या कपात काय आहे यावरही बोला. सुरुवातीला कुरकूर होईल. साखर एकदम काढू नका. वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्याला हवी तो घालून घेईल. चहात दूध वाढवा, म्हणजे फिका लागणार नाही. त्यासाठी कपामागे दर वाढवून द्यावा लागेल, तो द्या.

ठेक्याच्या कागदात काय लिहायचं असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मजकूर खाली देते. तसाच उचलला तरी चालेल, वकिलांकडून नीट करून घेतला तरी चालेल.

"सर्व पाळ्यांमध्ये चहा व कॉफी बिनसाखरेची दिली जाईल व साखर वेगळी ठेवली जाईल. कोणत्याही थर्मासवर वा काउंटरवर आजाराचा उल्लेख असणार नाही. प्रत्येक पाळीत, रात्रपाळी धरून, उकडलेले हरभरे किंवा मटकीची उसळ, शेंगदाणे, अंडी आणि केळी यांपैकी किमान दोन पदार्थ बिस्किटाच्या पुड्याइतक्याच दराने उपलब्ध असतील व दरातील फरक कंपनी देईल. ही सोय कायम, कंत्राटी व प्रशिक्षणार्थी अशा सर्व कामगारांना सारखीच लागू राहील."

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुण्यातील एक आहारतज्ज्ञ